हत्तीसमोरचं प्यादं

बुद्धिबळाचं नाव नका काढू माझ्यापुढे! बहात्तरच्या दुष्काळात मी राहुरीला नोकरीला होतो. संध्याकाळी ऑफिसातले आम्ही सगळे पट मांडून बसायचो. आमच्यातला वसंता संख्याशास्त्रवाला. तो म्हणाला, "कुठली सुरुवात चांगली, हे नुसत्या जिंकण्यावरून कळत नाही. तगडा गडी कशानंही जिंकतो. आधी प्रत्येकाच्या ताकदीचा आकडा काढू. त्या आकड्यापेक्षा जास्त जिंकून देईल, ती सुरुवात खरी."

वर्षभर आम्ही खेळलो आणि त्यानं आकडेमोड केली. पहिली आली हत्तीसमोरचं प्यादं पुढे ढकलायची सुरुवात. शहाणा माणूस ती खेळत नाही! खेळायचे फक्त आमचे साहेब.

"असं कसं?" मी विचारलं.

वसंता डोकं धरून बसला होता. "साहेबांचा आकडा मी नगरच्या स्पर्धेवरून धरला. तिथं ते सगळ्यांकडून हरले. इथं मात्र सगळ्यांना हरवतात. म्हणजे गुण त्या प्याद्याचाच, असं गणित म्हणतं." मग एकदम ओरडला, "लाज वाटत नाही? मुद्दाम हरता तुम्ही त्यांच्याशी! माझं अख्खं वर्ष मातीत घातलंत!"

सगळे सोंगट्या आवरायला लागले. शेवटी आमच्यातला वांबोरीचा गाडे हळूच म्हणाला, "वसंतराव, शनिवारी तुमी वजीर फुकट घालवला, त्यो कुनाशी खेळताना?"

वसंतानं आकडेमोडीची वही मिटली. नोकरीत कायम व्हायचा आमच्यात तो एकटाच राहिला होता.