कोल्ह्याचा नववा भाग

(गेम कन्सोल बनवणाऱ्या कंपनीतली मामाची खोली. मोठी बैठक नुकतीच संपली आहे. भाची आपला नवा गेम दाखवायला आणलेलं मशीन टेबलावरून खोक्यात भरते आहे.)

भाची : ती वायर सोड मामा, मी गुंडाळते.

मामा : अगं, राहू दे की मशीन इथेच. आज ना उद्या पुन्हा विषय निघेल.

भाची : विषय आजच निघाला होता. संचालकबाईंनी सगळ्यांसमोर तुला सरळ विचारलं, नव्या कन्सोलसाठी अगदी कोरा, नवा गेम हवा का? आणि तू म्हणालास, लोक कन्सोल घेतात ते कोल्ह्याच्या गेमसाठी, कोल्ह्याचा नववा भाग काढा.

मामा : खपाचे आकडे तेच सांगतात.

भाची : आकडे सांगायला विक्रीवाले बसले होते. तुला विचारलं, कारण कोल्हा तू जन्माला घातलास. एके काळी तोही नवाच होता. तेव्हा कुठे होते आकडे?

मामा : तुझा गेम वाईट आहे असं काही मी म्हटलं नाही.

भाची : चांगला आहे असंही नाही म्हटलंस. मी मागच्या रांगेतून तुझ्या तोंडाकडे बघत होते. रविवारी आमच्याकडे खेळायला बसलास, तर जेवायला हाका मारून मारून आई थकली.

मामा : उठवेना मला. कुणाचा तरी निरोप घेऊन डोंगर चढायचा, वाटेत भेटणारी माणसं भलतंसलतं बोलणार, आणि पलीकडे पोचल्यावर तो निरोप आठवून सांगायचा. लिहून ठेवायची सोय नाही. त्या म्हातारीला मी तिच्या मुलाचा निरोप चुकीचा सांगितला. ती नुसती आत गेली. रात्रभर तीच दिसत होती मला.

भाची : मग हे तिथे का नाही बोललास?

मामा : जीभ उचलली नाही.

भाची : कोल्ह्यासाठी उचलली की.

संचालकबाई : आत येऊ का? दोघंही इथेच आहात, बरं झालं. नववा भाग पक्का झाला. सोमवारपासून हिची टीम कोल्ह्याकडे. आधी शेपटीचं काम घ्यायचंय.

भाची : शेपटीचं.

संचालकबाई : एकेक केस हलताना दिसायला हवाय विक्रीवाल्यांना.

मामा : बाई, मघाशी मी बोललो ते... तिचा गेम घ्यायला हवा आपण. माझं चुकलं.

संचालकबाई : आत्ता सांगताय? मी तुम्हालाच का विचारलं, कळलं नाही तुम्हाला? बाकी सगळे आधीपासून कोल्ह्याच्या बाजूने होते. मी तिचा गेम खेळलेय. जुना कोल्हा लोक जुन्या कन्सोलवरही खेळतील, नवा कन्सोल कशाला घेतील? मला एक 'हो' हवं होतं. कोल्ह्याच्या बापानं म्हटलेलं 'हो' कुणाला खोडता आलं नसतं. तुम्ही बोललात आणि माझंच तोंड बंद झालं.

मामा : पुन्हा बोलवा ना त्यांना. मी सांगतो.

संचालकबाई : पांगले सगळे. ठरलं ते ठरलं. येते मी.

भाची : ऐकलंस ना?

मामा : ऐकलं.

भाची : आता तरी सांग. का केलंस असं?

मामा : तुझा गेम खेळलो आणि मग माझ्याकडे बघितलं. आठ भाग झाले, माझा कोल्हा आपला उड्याच मारतोय. कधी टोपी बदलली, कधी जंगल बदललं. त्यापलीकडे माझ्याकडे काही नाही, पोरी. नव्याची गरज आहे असं मीच म्हटलं असतं, तर मग माझी गरज काय उरली?

भाची : म्हणजे तुला माझी भीती वाटली.

मामा : भीती म्हटलं तर सोपं आहे. हेवा वाटला. सख्ख्या भाचीचा. ज्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरलो, तिचा.

भाची : वर बघून बोल.

मामा : नाही बघवत.

भाची : तू मला शंभर चुका दाखवल्या असत्यास, तर मी ऐकून घेतलं असतं.

मामा : चुका सापडल्या असत्या तर दाखवल्या असत्या. सोमवारी येशील ना?

भाची : येईन. टीममधल्या तिघांना मीच या गेमच्या नादी लावलं, आता त्यांना वाऱ्यावर कसं सोडू? रंगवू शेपटी. गेम कंपनीचा, तो राहील इथेच पडून. मशीन माझं, ते नेते.

मामा : दुसरा सुचेल तुला.

भाची : सुचेल. तो तुला दाखवेन की नाही, माहीत नाही.

मामा : नको दाखवूस. खोकं जड आहे, दे इकडे. खालपर्यंत आणतो.

भाची : असू दे. गेल्या गेल्या आई विचारेल, काय झालं म्हणून.

मामा : सांग, नाही झालं.

भाची : मग ती म्हणेल, अगं, पण मामा नव्हता का तिथे? तिला काय सांगू?

मामा : सांग, होता.