निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजी बसच्या रांगेत आजोबांना बजावत होत्या. मागे उभ्या शिंपिणीने कान टवकारले.

“ह्युमिडिफायरच्या टाकीला पांढरा थर धरला, की निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवायचं.”

“आणि लगेच चालू?”

“अहो, आधी खळखळून धुवायचं! मागे न धुताच लावलंत, घरभर आंबट वाफ झाली.”

“मला नाही बुवा जमायचं.”

“मग बसा खोकत, कोरडा घसा घेऊन.”

“तू आहेस की.”

“मी कुठली? चालले ना! पण काय हो, आज सकाळी टाकी चकचकीत कशी? मी तर हातही लावला नव्हता.”

“असेल.”

“येतंय की सगळं! मग मघापासून विचारताय कशाला?”

तेवढ्यात बस आली. आजी चढल्या, शिंपीणही चढली. बस हलली तरी आजोबा खिडकीखालून चालत विचारत होते,

“आधी पाणी, की आधी व्हिनेगर?”