समोरची कडा

नाही काका, रागावू नका, पण हे नाणं टाकसाळीत असं झालेलं नाही, कुणीतरी घरी बसून केलंय — तुम्ही केलंय असं कुठे म्हणतेय मी? नातीला चिल्लरीत सापडलं म्हणता ना, मग सापडलं. बसा. या भिंगातून बघा. इथे घास घेतल्यासारखा तुकडा गेलाय, दिसला? आता त्याच्या बरोब्बर समोरची कडा बघा. कशी आहे? आत्ता इस्त्री केल्यासारखी! इथेच चोरी पकडली. नाण्याची कोरी चकती आधीच तुटकी असली आणि मग तिच्यावर ठसा पडला, तर समोरच्या बाजूला धातू नीट चढत नाही, कडा पुसट राहते. तुमची ठसठशीत — म्हणजे ठसा आधी, कानस नंतर. किंमत? टाकसाळीची चूक असती तर शौकिनांनी हजारो मोजले असते; याची नाण्यावर लिहिलीय तेवढीच, तीही कुणी घेतलं तर.

हसताय? बाहेरची पाटी वाचलीत ना — ‘खरं ते सांगू, फुकट सांगू’? मी लावली. सहा वर्षं लांब राहून धातूच शिकले, तीन आठवड्यांपूर्वी परत आले आणि ठरवलं, बाबांच्या या जुन्या नाण्यांच्या दुकानात एकही खोटं राहता कामा नये. परवा दोन डबे रिकामे केले. बाबा नुसते चष्मा पुसत बसले. आत्ताही चष्मेवाल्याकडेच गेलेत.

कुठलं? भिंतीवरच्या चौकटीतलं? ते — ते राहू द्या. हो, त्यालाही घास आहे. हो काका, कडा मलाही दिसतेय, एवढी तीक्ष्ण नजर होती तर भिंग कशाला घेतलंत? बरं, ऐका, पण बाहेर बोलायचं नाही. आठ वर्षांची होते. बाबा रोज पिशवीभर चिल्लर उपसायचे, एक तरी कुरतडलेलं निघावं म्हणून. निघेना हो! मग मी त्यांचीच गोल कानस घेतली, न्हाणीघरात दडून दुपारभर घासलं आणि हळूच पिशवीत सोडलं. बोट सोलवटलं, त्याला चिंधी बांधली, दारात चेंगरलं म्हणून सांगितलं. अहो, ते नाणं मिळालं तेव्हा मला खांद्यावर घेऊन नाचले! चांगली चांगली गिऱ्हाइकं मागून गेली, बाबांचं एकच — असं दुसरं जगात नाही, विकायचं नाही. आता मी कुठल्या तोंडाने सांगू? पाटी माझी आणि करणीही माझीच!

हातात कशाला हवंय? खिळ्यावरून कधी कुणी काढलेलं नाही ते... घ्या, होऊ द्या समाधान. सांभाळून. मागे काय? चिठ्ठी? द्या इकडे. बाबांचंच अक्षर — ‘लेकीनं घासलं. वय वर्षं आठ. बोटाला चिंधी.’

...

काही नाही, धूळ गेली डोळ्यात. ते द्या, खिळ्याला लावते. तुमचं नाणं उचला आणि घरी जाऊन आधी नातीची बोटं बघा. निघा काका, बाबा आले समोरून — आणि हे बघा, नातीला यातलं एक अक्षर सांगायचं नाही!