बसायची नव्हती ती खुर्ची

हॅलो?… ताई, हळू बोल. मी खांबामागे लपलोय… अगं हो, माझ्याच प्रदर्शनात! बाबा आलेत.

तू पाठवलंस?… काय सांगून?… 'धाकट्यानं खुर्ची केलीय, बघून या'?… अगं, ती बसायची खुर्ची नाही! लोखंडी अक्षरं जोडून केलेलं शिल्प आहे. पाठीला 'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय', हातांवर 'मुलीसारखा लाजू नकोस', बैठकीला 'दुखलं तरी सांगायचं नाही'… हो, हो, सगळी त्यांचीच वाक्यं. मी दुसरी कुठून आणू?

हसू नकोस. ऐक ना… त्यांच्या फर्निचरच्या कारखान्यात येत नाही म्हणालो, तेव्हा दोन महिने बोलले नव्हते. आज चिडून गेले ना, तर संपलंच.

थांब. चष्मा लावला… वाचतायत… ओठ हलतायत. चेहऱ्याला कुलूप… आता वाकले. पाय हलवून बघतायत… स्वतःचा नाही गं, खुर्चीचा!… नाही डुगडुगत. जोड तीनदा तपासलेत मी… अरे देवा.

बसले.

खुर्चीवर, ताई! शिल्पावर!… सवय, दुसरं काय? स्वतः बसून बघितल्याशिवाय एक तरी खुर्ची कारखान्याबाहेर सोडलीय का त्यांनी?… रखवालदार धावला… नाही, तोही थबकला. लोकांना वाटतंय, हा कार्यक्रमच आहे. टाळ्या पडतायत.

टोचणारच! अक्षरांच्या कडा मुद्दाम घासल्या नाहीत मी… हो, बरोबर 'सांगायचं नाही'वर बसलेत. एक काकू विचारतायत, टोचत नाही का… 'छे' म्हणाले. म्हणणारच! आता उठायचे नाहीत. प्रदर्शन पंधरा दिवस आहे, डबा तू पाठव.

थांब, थांब… काय म्हणाले?… ताई… 'टोचतंय' म्हणाले.

आई शप्पथ! बाबा! सगळ्यांसमोर!… परत म्हणाले. 'टोचतंय रे, कधीपासून टोचतंय.' आणि हसतायत! ते हसतायत, काकू हसतायत, रखवालदार भिंतीला टेकून हसतोय… नाही, मी कुठे रडतोय?… बरं, थोडा. थोडाच.

बघितलं मला… बोलावतायत. एकट्यानं उठता येत नाहीये त्यांना… ताई, हात पुढे केलाय. 'ओढ मला' म्हणतायत. बाबा, मला!…

फोन ठेवतो गं. दोन्ही हात लागणारेत.