गाडी उभी आहे, मेली नाही!

भंगार म्हणे! अहो, तुम्हीच सांगा, ही पांढरी मारुती भंगार? हिच्यातून मी आमच्या नुकत्याच जन्मलेल्या दिशाला दवाखान्यातून घरी आणलं! पोरगी मागच्या सीटवर आईच्या मांडीवर, आणि मी नाशिक रोडला दुसऱ्या गियरमध्ये... खड्डा दिसला की गाडी थांबवून, खाली उतरून आधी बघून यायचो! आणि आमची चतुरा, सख्खी बायको हो, या गाडीला भंगार म्हणते! का, तर कित्येक वर्षं जागची हलली नाही. मी म्हटलं, अगं, मीही रिटायर होऊन घरात बसलोय, मला देतेस का भंगारात? तर म्हणते, "कोणी घेत असेल तर बघू." चतुरा, म्हटलं, गाडी उभी आहे, मेली नाही!

बरं, उभी असून रिकामी होती का? तुम्हाला सांगतो, उन्हाळा लागला की अख्ख्या कॉलनीचं वाळवण तिच्यावर! टपावर पापड, डिकीवर मिरच्या, बॉनेटवर हिच्या कुरडया. मी माझ्याच गाडीला हात लावायला गेलो की, "अहो, हात धुतलेत का?" यंदा नेमकं आभाळ आलं, कुरडया ओल्याच राहिल्या, आणि तो सगळा राग निघाला गाडीवर. लावला हिने फोन! गोटीराम भंगारवाला, संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

संध्याकाळी! तसाच पळालो आणि मुबीनभाईला स्कूटरवर घालून आणलं. जुन्या गाड्यांचा मेकॅनिक, हाताला गुण आहे त्याच्या. त्यानं बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागेच सरकला. "काका, इधर तो पूरा मोहल्ला बसा है!" एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार! आणि खायला काय? आमच्याच कुरडया! म्हणजे मी दोन मागितल्या तर "पाहुण्यांसाठी आहेत," आणि हे बिनभाड्याचे...

मग काय विचारता! उंदीर हाकलले, चाकांत हवा भरली, बॅटरी नवीन, प्लग नवीन, टाकीतलं पेट्रोल काढलं तर त्याचा वास असा की शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. ताजं पेट्रोल ओतलं, चावी फिरवली... खर्र... खर्र... गप्प. मुबीनभाई म्हणतो, "काका, दिल छोटा मत करो." तेवढ्यात गोटीरामचा टेम्पो दारात हजर! "काय काका, दोर बांधू का?" अरे, लांब हो! गाडी उभी आहे, मेली नाही!

पुन्हा चावी. मुबीनभाई म्हणाला "बिस्मिल्ला," मी हाक मारली सप्तशृंगीला, खर्र... खर्र... फट्! असा काळा धूर, त्यात गोटीराम दिसेना, टेम्पो दिसेना... आणि धूर विरला तर आमची गाडी थरथर कापतेय! चालू! अहो, चालू! मी बिटको चौकापर्यंत जाऊन आलो, हॉर्न वाजवत, गरज नसताना! डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोटं कशाला बोलू? मागच्या सीटवर ती एवढीशी दिशा आहे असंच वाटत होतं.

परत आलो तर चतुरा वाटेत उभी. पुढे आली, बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग गोटीरामकडे वळून म्हणाली, "दादा, तुम्ही जा. गाडी द्यायची नाही." तुम्हाला सांगतो, मी आतून तिच्यासाठी पुढचं दार उघडलं! म्हटलं, शेवटी हिलाही आठवलं सगळं!

आत गेली... आणि ओल्या कुरडयांची परात घेऊन बाहेर आली! बॉनेटवर धुतलेलं धोतर अंथरलं, एकेक कुरडई मांडली आणि म्हणते, "छान तापलंय. वाळेपर्यंत बंद करू नका."

म्हणून तर काच खाली करून तुमच्याशी बोलतोय! मला जायचं होतं पंचवटीला मोठा फेरफटका मारायला. पण एक बाजू वाळलीये, दुसरी बाकी आहे, आणि उलटायचं कामही माझ्याचकडे. गाडी उभी आहे, मेली नाही... माझंही तसंच समजा!