नाना रोज वर्गात बसतात

थांब, आधी तो घोट गिळ, नाहीतर चहा नाकातून येईल.

एका शाळेच्या इमारतीचं काम निघालं होतं, म्हणून पोरं घरूनच ऑनलाइन शिकत होती. आम्ही लोकांचे जुने लॅपटॉप मागून आणायचो आणि दुरुस्त करून पोरांना द्यायचो. एक लॅपटॉप वडपे गावच्या नानांनी दिला. नाना म्हणजे त्याच शाळेचे अध्यक्ष! कॅमेरा मेलेला, बाकी एकदम मस्त. तो गेला शेलार गावच्या श्रावणीकडे, सातवीतल्या.

आठवड्याभरात तिची आई हजर! "दादा, पोर रोज वर्गात बसते, तरी मॅडम गैरहजर लावतात. परीक्षेला बसवनार न्हाय म्हनतात!"

मी जाऊन बघतो तर काय, क्लासच्या ॲपमध्ये जुनंच नाव. अध्यक्ष नाना!

"अगं, मॅडमना सांगायचं ना!"

श्रावणी रडकुंडीला आली. "माईक चालू केला की त्याच आधी विचारतात, 'नाना, माझं काही चुकलं का?' मग मी घाबरून बंद करते."

मी नाव बदललं, मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं. हजेरी लागली, परीक्षेचं टेन्शन गेलं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "म्हणजे आठवडाभर मी काठाची साडी श्रावणीसाठी नेसत होते?"

दुसऱ्या दिवशी मला फोन. श्रावणी नाही, तिच्या वर्गातली पोरं!

"दादा, मॅडम परत ओरडायला लागल्या. नानांना बसवा ना वर्गात!"