कारखान्याच्या दारातली जागा

दवाखान्यात मी काठी टेकून उभी, आणि समोर बाकावर बसलेली पोरगी पुस्तकातून मान वर काढेल तर शपथ! शेजारी तिचा बाप खोकत होता.

"एवढं काय आहे गं त्यात?"

"चंद्रावरची वस्ती, बाबा. माणशी हवा किती लागते, त्याचं गणित चोख मांडूनच या लेखिकाबाई गोष्ट लिहितात."

"मग चंद्रावरच बसावं की. आमच्या कारखान्याच्या दारात धरणं धरून कशाला बसतात?"

"धूर गाळायचं यंत्र बसवा म्हणून. कारखाना बंद करा, असं कुठे म्हणतात?"

"तू तिथे दिसलीस, तर मालक मला घरी बसवेल."

"आणि हा खोकला कामावर ठेवील? रविवारी मी जाणार."

बाप खोकला, पण नको म्हणाला नाही.

मी काठी आपटून म्हटलं, "पोरी, इथे जागा दिली नाहीस ते नाहीस. रविवारी बाईंच्या शेजारी माझ्यासाठी धरून ठेव."